छातीत गाठ लागलीय. ब्रेस्ट क्लिनिकमध्ये नेमकं काय काय करतात?

फास्टलोकल | सोमवार, रात्री ११:४०

परवा शनिवारी आंघोळ करताना डाव्या छातीत, वर काखेच्या अंगाला काहीतरी हाताला लागलं. चिंचोक्याएवढं, टणक. दुखत नव्हतं. रविवारी दर अर्ध्या तासाने बाथरूममध्ये जाऊन चाचपत बसले, त्यामुळे आता दुखतंय. वय ४३, राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला बँकेत.

आज लवकर निघून घराजवळच्या एका सर्जनकडे गेले. दोन मिनिटं दाबून बघितलं आणि म्हणाले, "छोटीशी आहे, काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. शुक्रवारी उपाशीपोटी या." नवरा म्हणतो, संपवून टाक एकदाचं. सासूबाईंना फक्त "इथे जरा दुखतंय" एवढंच म्हटलं, तर त्यांचं निदान तयार: "त्या लेडीज डब्यात कुणाचं तरी कोपर लागलं असेल."

मैत्रीण म्हणते, शुक्रवारी काही करून घेऊ नकोस, आधी मोठ्या हॉस्पिटलच्या ब्रेस्ट क्लिनिकला जा. पण तिथे करतात काय? एका दिवसात आटपतं का? पुरुष डॉक्टर असतात का? सुई किती दुखते? गूगल केलं आणि झोप घालवून बसलेय. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

मोगरा | ११:५२

पहिलं म्हणजे चाचपणं थांबव. तिथे सूज आली तर उद्या डॉक्टरलाही नीट कळायचं नाही. आणि हाताला लागणाऱ्या दहा गाठींतल्या आठ-नऊ साध्या निघतात. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, माझ्याही दोन निघाल्यात. झोप आता.

काचेवरची_पेशी | मंगळवार, सकाळी ६:१५

पॅथॉलॉजीत काम करते, म्हणजे तुमचा तुकडा शेवटी ज्यांच्या टेबलावर येतो त्यांच्यापैकी एक. शुक्रवारची ती अपॉइंटमेंट आजच रद्द करा. सर्जन वाईट आहेत असं म्हणत नाही, पण गाठ म्हणजे काय हे कळायच्या आधी ती कापणं हा उलटा क्रम आहे.

साधी निघाली तर प्रश्न नाही, उगाच एक व्रण पडला एवढंच. पण कॅन्सर निघाला तर? कडा साफ निघाल्या का ते कुणी बघितलेलं नसतं, काखेतल्या गाठींचा विचार झालेला नसतो, दुसरं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं. काही प्रकारांत आधी औषधं देऊन गाठ किती आटते ते बघतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. गाठच काढून टाकली तर मोजणार काय? असे पेशंट आमच्याकडे फॉर्मलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत गाठ घेऊन येतात. कधीकधी बाटलीत फॉर्मलिनही नसतं, सलाईन असतं. मग त्या नमुन्याचं जे होतं ते न सांगितलेलं बरं.

योग्य क्रम तीन पायऱ्यांचा आहे: डॉक्टरांचा हात, मग फोटो म्हणजे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुई, म्हणजे सुईने छोटा तुकडा काढून तपासणं (बायॉप्सी). तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळलं तरच आम्ही फाइल मिटतो. एक जरी वेगळं बोलत असेल तर नाही.

आंबटगोड | मंगळवार, दुपारी १:३०

वरच्यांना पूर्ण अनुमोदन. मी मागच्या वर्षी गेले होते, वय ४६. दिवसाचं वर्णन करते, लांबेल.

कपडे: कुर्ता-सलवार नाहीतर साडी. वनपीस घालून गेलात तर सगळंच उतरवावं लागेल. काखेत डिओ, पावडर, क्रीम काही नको. त्यातले कण मॅमोग्राफीत पांढरे ठिपके दिसतात आणि तसेच ठिपके ते शोधत असतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या बेसिनवर ओला रुमाल घेऊन काखा पुसत उभी होते. जुने रिपोर्ट असतील तर फिल्म आणि सीडीसकट न्या, नुसता कागद नको.

आधी केस पेपर. मग एक ज्युनिअर डॉक्टर प्रश्न विचारतात: पाळी कधी सुरू झाली, शेवटची कधी आली, मुलं किती, किती महिने अंगावर पाजलं, गोळ्या घेता का, आई-मावशी-आजी-बहिणीत कुणाला होता का. आमच्याकडे कुणालाच नव्हता म्हणून मी खूश झाले. तर त्या म्हणाल्या, ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरी कुणालाच नसतो. गेला आनंद!

मग पडद्यामागे. आधी बसवून बघतात: हात वर, मग कमरेवर हात दाबून. त्वचा कुठे आत ओढली जातेय का, बोंड आत गेलंय का, त्यातून काही येतं का, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झालीय का हे बघायचं असतं. मग आडवं करून, हात डोक्याखाली. चांगली बाजू आधी तपासतात. दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाची वरची बाजूही. माझे डॉक्टर पुरुष होते, पण सिस्टर पूर्णवेळ शेजारी उभ्या होत्या. नसतील तर बिनधास्त मागा. बाई डॉक्टरच हव्या असतील तर तसं काउंटरवर आधीच सांगा, थोडं थांबावं लागेल इतकंच.

मॅमोग्राफी: दोन प्लेटांमध्ये छाती ठेवतात आणि वरची प्लेट खाली येते. पापडाच्या मशीनमध्ये लाटी गेल्यासारखं. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो, दाब काही सेकंदांचा. सांगायला नको, पण त्या काही सेकंदांत मी देवाचं नाव घेतलं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त दुखतं, म्हणून पाळी संपल्यावरचे दिवस बरे. पण गाठ हाताला लागत असताना त्यासाठी महिनाभर थांबू नका. त्यांनी मला एका फोटोसाठी परत आत बोलावलं आणि मी बाहेर बसून मृत्युपत्र मनात लिहून काढलं. नुसता एक कोन नीट आला नव्हता.

सोनोग्राफीत गार जेल, बाकी काही नाही. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आणि खाली मी, सेहेचाळीस वर्षांची. तिथे मात्र हसू आलं. माझी गाठ म्हणजे पाण्याची पिशवी निघाली. सुईने पाणी ओढलं, हिरवट होतं, गाठ तिथल्या तिथे गायब.

बटाटावडा_९८ | मंगळवार, दुपारी २:०५

मी २७ ची. माझी फक्त सोनोग्राफी केली, मॅमोग्राफी नाही. आई अजून म्हणते अर्धीच तपासणी केली, पैसे वाचवले. खरं आहे का? माझं फायब्रोअडिनोमा निघालं, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ, बोटाखाली गोटीसारखं सरकतं. सुईने नक्की केलं, आता नुसती नजर ठेवायचीय. आईला गाठीपेक्षा 'स्थळांना काय सांगायचं' याची काळजी जास्त.

काचेवरची_पेशी | मंगळवार, दुपारी २:४०

@बटाटावडा, बरोबरच केलं. तरुण वयात छातीचा भाग दाट असतो. मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, धुक्यात बगळा शोधण्यासारखं. म्हणून तिशी-पस्तिशीच्या आत आधी सोनोग्राफी, आणि त्यात काही शंकास्पद दिसलं तरच मॅमोग्राफी. स्थळांना सांगण्यासारखं यात काही नाही. फायब्रोअडिनोमा तुमच्या वयात इतका सर्रास सापडतो की स्थळाच्या बहिणीलाही असेल.

निसर्गमित्र | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

इतकं घाबरायचं कारण नाही. बायॉप्सी मात्र करू नका. सुई लागली की गाठ चिडते आणि अंगभर पसरते. आमच्या गावी एकीचं असंच झालं. रोज सकाळी ओली हळद आणि गोमूत्र, तीन महिन्यांत फरक.

काचेवरची_पेशी | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

गाठ 'चिडत' नाही, ती काही तुमची शेजारीण नाही. सुईमुळे कॅन्सर पसरून पेशंटचं भवितव्य बिघडतं असं इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. होतं असं की आधीच पसरलेल्या अवस्थेत लोक येतात, मग सुई होते, मग कळतं, आणि दोष सुईला. आणि ते तीन महिने? तेच तर महागात पडतात. कृपया इथे असले सल्ले देऊ नका.

लालबागची_मावशी | मंगळवार, रात्री १०:१०

मी बोलते यावर, कारण ती हळदवाली बाई मीच. म्हणजे तशीच एक. मला गाठ लागली तेव्हा आमच्या चाळीतल्या सगळ्यांनी सांगितलं की गर्दीत मार लागला असेल, रक्त साकळलं असेल. मलाही तेच हवं होतं. हळदीचा लेप, एरंडाचं पान, सगळं करून झालं. सात महिने काढले. टाटा हॉस्पिटल माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि मी सात महिने त्या रस्त्याने भाजी आणत होते.

कॅन्सरच निघाला. काखेतही गेला होता. आज सहा वर्षं झाली, बरी आहे, तुमच्याशी टाइप करतेय. पण आधी गेले असते तर काखेच्या उपचारांनंतर सुजतो तसा माझा हात सुजला नसता. फास्टलोकल, तुझ्या सासूबाईंचं कोपर खरं असेलही. पण ते तपासणीनंतर ठरव. मार लागला की आपला हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, असं मला डॉक्टरांनी समजावलं होतं.

टाटाचं सांगते. आधी फाइल काढावी लागते, जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार, खर्च आणि रांग वेगळी. सकाळी लवकर जायचं, डबा आणि पाण्याची बाटली न्यायची, दिवस जातो. बाहेर काही तपासण्या केल्या असतील तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून घ्यायचे. तिथे त्या परत बघतात. मला ब्लॉक म्हणजे काय माहीत नव्हतं, मी नुसता रिपोर्ट घेऊन गेले. परत पाठवलं. आणि उपचारांच्या खर्चासाठी सरकारच्या महात्मा फुले योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

गिरणगावकर | बुधवार, सकाळी ९:००

मावशींच्या पोस्टवरून एक अवांतर. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्यातून ही कल्पना निघाली. आणि जगाला ठाऊक झालेलं एक मोठं काम याच मुंबईतल्या झोपडवस्त्यांत झालंय. १९९८ पासून वीस वर्षं ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन नुसत्या हाताने छाती तपासायच्या, असे चार वेळा. मशीन नाही, काही नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. हाताला कमी लेखू नका, एवढंच म्हणायचंय.

आठ_सतराची | बुधवार, सकाळी ९:३५

वाचतेय. +१ आंबटगोड. पापडाचं मशीन!!

नवरोबा | बुधवार, दुपारी १२:१५

बायकोला पुढच्या आठवड्यात न्यायचंय. पुरुषांना आत सोडतात का? मी तिथे करू काय?

आंबटगोड | बुधवार, दुपारी १२:५०

तपासणीच्या आणि मशीनच्या खोलीत नाही, डॉक्टर बोलतात तेव्हा हो. तेव्हा वही-पेन काढा आणि लिहून घ्या, कारण तिला पहिल्या वाक्यानंतरचं काहीच ऐकू येणार नाही. आणि बाहेर बसून मोबाइलवर क्रिकेट मोठ्याने लावू नका. आमच्या ह्यांनी लावलं होतं.

फास्टलोकल | पुढच्या गुरुवारी, रात्री ९:३०

शुक्रवारचं रद्द केलं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ब्रेस्ट ओपीडीला बुधवारी गेले. तुम्ही लिहिलं होतं तसंच घडत गेलं, त्यामुळे पुढे काय येणार ते ठाऊक होतं आणि अर्धी भीती तिथेच उतरली. तरी मॅमोग्राफीला डोळ्यात पाणी आलंच.

रिपोर्टवर 'बायरॅड्स ४बी' लिहिलंय. फोटोत कडा काट्यासारख्या दिसतात म्हणे. लगेच सोनोग्राफीत बघत बघत जाड सुईची बायॉप्सी केली. उपाशी नव्हते, बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. मग फक्त दाब, आणि 'खटाक्' असा आवाज, ऑफिसमधल्या मोठ्या स्टेपलरसारखा. आवाजाची आधी कल्पना दिली होती तरी पहिल्या वेळी दचकले. पाच तुकडे घेतले. वर दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी, बर्फाची पिशवी. दोन दिवस पाण्याची बादली उचलायची नाही. सव्वापाचची लोकल सोडली, टॅक्सीने दादरला आले आणि तिथे पुढची पकडली. निळंजांभळं झालंय.

४बी म्हणजे किती वाईट?

काचेवरची_पेशी | गुरुवार, रात्री १०:००

बायरॅड्स म्हणजे फोटो बघून दिलेला शंकेचा दर्जा. ३ म्हणजे साधी असण्याची दाट शक्यता, कॅन्सरचा धोका २ टक्क्यांहून कमी, सहसा सहा महिन्यांनी परत बघतात. ४ म्हणजे सुई हवी. त्यात ४बी म्हणजे १० ते ५० टक्के. ५ म्हणजे ९५ च्या वर. तुमचा आकडा 'माहीत नाही, बघून सांगतो' एवढंच म्हणतोय. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी का येत नाही असं सगळे विचारतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरावा लागतो, मग मेणात बसवून केसाहून पातळ चकत्या, मग रंग, मग आम्ही. चार-सहा दिवस धरा. कॅन्सर निघाला तर ईआर, पीआर आणि हर-टू या, कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्यांसाठी आणखी काही दिवस. फोन करून लॅबवाल्यांना छळू नका, त्याने मेण लवकर घट्ट होत नाही.

फास्टलोकल | त्यानंतरच्या बुधवारी, संध्याकाळी ८:१०

रिपोर्ट आला. 'चरबी आणि तंतुमय ऊती, कॅन्सरच्या पेशी नाहीत.' मी ओपीडीतच रडले, नवऱ्याने पेढे घ्यायला कुठे जायचं ते ठरवलं. आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "मला हे पटत नाहीये." फोटो एक सांगतोय, सुई दुसरं. कदाचित सुई नेमक्या जागी गेली नसेल. परत करायची.

खरं सांगू? त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. चांगला रिपोर्ट हातात असताना कोण असं बोलतं?

काचेवरची_पेशी | बुधवार, रात्री ८:३०

चांगली डॉक्टर बोलते. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, एक जरी वेगळं बोलत असेल तर फाइल मिटत नाही. ज्यांनी नुसता 'कॅन्सर नाही' हा शब्द वाचून घरी पाठवलं असतं त्यांची मला जास्त काळजी वाटते. जा, करून घ्या.

लालबागची_मावशी | बुधवार, रात्री ८:४५

मी परळलाच असते. कधी आहे? बाहेर बसायला येते. क्रिकेट लावणार नाही.

फास्टलोकल | दहा दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:००

दुसरी बायॉप्सी झाली, मावशी आल्या होत्या, थर्मासमधून चहा आणि घरच्या नारळाच्या वड्या घेऊन. आज रिपोर्ट मिळाला: फॅट नेक्रोसिस. म्हणजे मार लागून आतली चरबी मेली आणि तिथे व्रणासारखी टणक गाठ बांधली गेली. फोटोत ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते म्हणे. डॉक्टर बाई या वेळी म्हणाल्या, "आता जुळलं." काढायची गरज नाही.

मार कधी लागला विचारलं तेव्हा आठवेना. घरी येताना कल्याण लोकलमध्ये चढले आणि आठवलं. जुलैत, तो मोठा पाऊस झाला त्या दिवशी, कुर्ल्याला मागून असा लोंढा आला की दारातल्या मधल्या दांड्यावर छातीने आपटले होते. दोन दिवस काळंनिळं होतं, मग विसरून गेले.

मोगरा | शनिवार, दुपारी ४:१०

म्हणजे सासूबाई बरोबर होत्या!!

फास्टलोकल | शनिवार, दुपारी ४:१८

अर्ध्या. कोपर नव्हतं, दांडा होता. त्यांना रिपोर्टबद्दल काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

एक विचारायचं राहिलं. सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावलंय, तारीख पडलीय २९ मार्चची. बँकेत तेव्हा क्लोजिंग, रजा मागितली तर साहेब बघत राहतील. तारीख पुढे ढकलून मिळते का?

लालबागची_मावशी | शनिवार, दुपारी ४:२५

मिळते. मागू नकोस.